भोपाळचे बरकतुल्ला आणि रशियाच्या घटनेतील एक कलम

आपल्या शहरातील विद्यापीठाला १९८८ सालापासून ज्यांचे नाव आहे, त्या मौलवी बरकतुल्ला यांच्याविषयी भोपाळात आदर पुष्कळ आहे. माहिती मात्र बेताचीच आहे. १८५४ साली याच गावी जन्मलेला हा विद्वान पुरुष इंग्लंडात अरबी शिकवीत होता, टोकियोच्या विद्यापीठात हिंदुस्थानी भाषेचा अध्यापक होता, अमेरिकेत गदर पक्षाच्या कार्यात होता, आणि १९१५ च्या १ डिसेंबरला काबूल येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचा पंतप्रधान होता. राजा महेंद्र प्रताप हे त्या सरकारचे अध्यक्ष. हे सगळे एका मनुष्याच्या आयुष्यात घडले, हे सांगितले तरी खरे वाटू नये असेच आहे. परंतु आजच्या भाषणाचा विषय बरकतुल्लांचे चरित्र हा नाही. १९१९ साली ते मॉस्कोला गेले, तेथे त्यांना काय दिसले, आणि जे दिसले त्याचे पुढे त्या देशात काय झाले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

काबूलच्या त्या हंगामी सरकारने रशियाच्या झारकडे एक पत्र पाठविले होते. ते सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले होते, असे रौलट समितीच्या अहवालात नमूद आहे. इंग्रजांची मैत्री सोडावी आणि हिंदुस्थानला साहाय्य करावे, अशी झारला विनंती होती. झारशाहीने याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. हंगामी सरकारचे दूत डॉक्टर मथुरा सिंह पुन्हा रशियाच्या हद्दीत गेले तेव्हा त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि मार्च १९१७ मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्याच महिन्यात, दैवयोग असा की, झारने सिंहासन सोडले.

आता विचार करा. ज्या राजवटीने आपला सहकारी इंग्रजांच्या हाती दिला, ती राजवट कोसळते. तिच्या जागी आठ महिन्यांनी जे लोक येतात ते पहिल्याच पंधरवड्यात जाहीर करतात की, रशियातील प्रत्येक राष्ट्राला स्वयंनिर्णयाचा अधिकार आहे, आणि या अधिकारात विभक्त होऊन स्वतंत्र राज्य स्थापन करण्याचाही अंतर्भाव होतो. त्या जाहीरनाम्यावर लेनिन आणि स्टालिन या दोघांच्या सह्या होत्या. थोड्याच दिवसांनी रशियातील व पूर्वेकडील मुसलमानांना उद्देशून दुसरे आवाहन निघाले. इराणची फाळणी करणारा करार रद्द, कॉन्स्टँटिनोपल बळकावण्याचे झारचे गुप्त करारही रद्द, तुमच्या मशिदी व तुमचे रीतिरिवाज यांना यापुढे अभय आहे, असा त्याचा मथितार्थ होता. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर साम्राज्यशाहीशी झुंजलेल्या भोपाळच्या मौलवींना हे शब्द कसे लागले असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

७ मे १९१९ रोजी महेंद्र प्रताप, बरकतुल्ला, अब्दुर रब, आचार्य वगैरे मंडळी क्रेमलिनमध्ये लेनिनला भेटली. महेंद्र प्रताप यांनी आपली प्रेमधर्मावरची पुस्तिका पुढे केली, तेव्हा हा टॉलस्टॉयचाच विचार आहे असे लेनिन म्हणाला, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. बरकतुल्ला अधिक व्यवहारी होते. त्याच दिवसांत ‘इझ्वेस्तिया’ पत्राला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्वच्छ सांगितले की, मी साम्यवादी नाही व समाजवादीही नाही. इंग्रजांना आशियातून घालवून देणे हा माझा कार्यक्रम आहे, आणि या एका बाबतीत साम्यवादी व मी स्वाभाविक मित्र ठरतो. पुढे ताश्कंदहून त्यांनी बोल्शेविझम व इस्लामी राष्ट्रे या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली, तिची भाषांतरे झाली आणि इंग्रज हेरखात्याची झोप उडाली. तथापि मुलाखतीतील ते पहिले वाक्य विसरू नये. मैत्री वेगळी आणि दीक्षा वेगळी, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

ज्या अधिकाराने पूर्वेकडील माणसे मॉस्कोकडे ओढली गेली, तो फुटून निघण्याचा अधिकार. जगातील फारच थोडी राज्ये असे वचन आपल्या घटकांना देतात. रशियाने ते दिले, आणि दिले एवढेच नव्हे, तर पुढील प्रत्येक राज्यघटनेत कायम ठेवले. १९२४ च्या घटनेत ते चौथे कलम होते, १९३६ च्या घटनेत सतरावे, १९७७ च्या घटनेत बहात्तरावे. या एका कलमाचा माग काढीत गेले, तर रशियाच्या शंभर वर्षांच्या राज्यकारभाराचे मर्म हाती लागते असे मला वाटते.

पहिला प्रश्न असा की, राष्ट्राच्या वतीने बोलावयाचे कोणी? जानेवारी १९१८ मध्ये सबंध रशियाने निवडून दिलेली घटनासमिती पेट्रोग्राडला भरली. तीत बोल्शेविकांना सुमारे चतुर्थांश मते होती. समिती एकच दिवस बसली. दुसऱ्या दिवशी दारे बंद झाली. त्याच महिन्यात स्टालिनने सोव्हिएटांच्या अधिवेशनात खुलासा केला की, स्वयंनिर्णयाचा अधिकार श्रमिक जनतेचा आहे, भांडवलदारांचा नव्हे. हा खुलासा ऐकावयास निरुपद्रवी वाटतो. पण श्रमिकांचे मत कोणते हे ठरविणार पक्ष, आणि पक्ष एकच. मग अधिकार राष्ट्राच्या नावावर आणि किल्ली मॉस्कोच्या खिशात, अशी व्यवस्था झाली.

जॉर्जियाचे उदाहरण घ्या. लेनिन व बरकतुल्ला यांच्या भेटीला बरोबर एक वर्ष होत होते त्या दिवशी, ७ मे १९२० रोजी, सोव्हिएट रशियाने करार करून जॉर्जियाचे स्वातंत्र्य मान्य केले. फेब्रुवारी १९२१ मध्ये लाल सेना जॉर्जियात शिरली. बुखाऱ्याचीही तीच कथा. १९२० च्या सप्टेंबरात अमीर पळाला, लोकप्रजासत्ताक आले, त्याच्याशी तहनामा झाला, आणि १९२४ साली मध्य आशियाचा नवा नकाशा आखताना बुखारा हे राज्यच नकाशावरून नाहीसे झाले. त्या प्रजासत्ताकाचे प्रमुख फैजुल्ला खोजायेव पुढे उझबेक सरकारचे प्रमुख झाले.

१९२२ साली या सर्व प्रदेशांचे मिळून एक राज्य कसे बांधावे यावर लेनिन आणि स्टालिन यांच्यात तीव्र मतभेद झाला. सर्वांनी रशियाचे स्वायत्त भाग म्हणून रशियात यावे, ही स्टालिनची योजना. रशियासुद्धा इतरांप्रमाणेच एक घटक, असा समानांचा संघ करावा आणि प्रत्येकाला बाहेर पडण्याची मुभा असावी, हा लेनिनचा आग्रह. रुग्णशय्येवरून लेनिनने आपले म्हणणे खरे केले, आणि ३० डिसेंबरला सोव्हिएट संघ स्थापन झाला. परंतु त्याच दिवशी व दुसऱ्या दिवशी त्याने जी टिपणे सांगून लिहवून घेतली, त्यांत त्याची स्वतःचीच शंका उमटली आहे. जुन्या झारशाहीचीच नोकरशाही वर थोडा रंग देऊन आपण वापरीत आहो. अशा स्थितीत फुटून निघण्याचे हे स्वातंत्र्य कागदाचा तुकडा ठरेल आणि रशियन अरेरावीपासून अन्य जमातींचे रक्षण करू शकणार नाही, असे तो म्हणतो. ही टिपणे सोव्हिएट वाचकांच्या हाती पडावयास १९५६ साल उजाडले. चौतीस वर्षे ती दडवून ठेवावी लागली, यातच त्यांची किंमत आली.

तो कागदाचा तुकडा आणखी एका हाताने आपल्या देशात आला. तो हात मराठी माणसाचा होता, म्हणून त्याचा उल्लेख येथे करावयास हवा. डॉक्टर गंगाधर अधिकारी हे पनवेलचे, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टर झालेले, मीरत खटल्यातील आरोपी, आणि आपल्या कम्युनिस्ट पक्षाचे एक प्रमुख तत्त्वचिंतक. सप्टेंबर १९४२ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने जो ठराव केला, आणि पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांनी ज्यावर निबंध प्रसिद्ध केला, त्याचा आशय असा की, हिंदुस्थान हे एक राष्ट्र नसून येथे अनेक राष्ट्रीयत्वे आहेत आणि त्यांना विभक्त होण्याचा हक्क मान्य केला पाहिजे. हक्क मान्य केला की फुटण्याची इच्छाच उरणार नाही. हा युक्तिवाद सरळ मॉस्कोहून आलेला होता. अधिकाऱ्यांची विद्वत्ता व प्रामाणिकपणा यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रशियात हा हक्क वापरावयास निघालेल्यांचे काय होते याची चौकशी त्यांनी केली असती तर बरे झाले असते.

कारण तोवर पुष्कळ काही होऊन गेले होते. १९३६ च्या घटनेचा मसुदा चर्चेला आला असता, सतरावे कलम वगळावे अशी एक सूचना आली. स्टालिनने तिला विरोध केला. संघ स्वेच्छेचा आहे, तो तसाच राहिला पाहिजे, असे तो म्हणाला. मग तातारांना संघ-प्रजासत्ताकाचा दर्जा का नाही? याचेही उत्तर त्याने दिले. संघ-प्रजासत्ताक सीमेवरच असले पाहिजे. चोहोबाजूंनी सोव्हिएट भूमीने वेढलेले असले तर ते फुटून जाणार कोठे? आणि ज्याला जाता येत नाही त्याला जाण्याचा हक्क देणे विसंगत होय. तर्कशास्त्राची अशी काटेकोर चाड बाळगणारा हा गृहस्थ त्याच सुमारास काय करीत होता, हे श्रोत्यांना ठाऊक आहे. ही घटना लिहिण्यात ज्याचा मोठा भाग होता तो बुखारिन मार्च १९३८ मध्ये गोळी घालून मारला गेला. त्याच खटल्यात, त्याच महिन्यात, फैजुल्ला खोजायेवही मारले गेले. पूर्वेकडील मुसलमानांचा साम्यवाद निराळा असू शकतो असे म्हणणारा तातार पुढारी सुलतान गालियेव १९२३ सालीच प्रथम पकडला गेला होता. १९४० च्या जानेवारीत त्याचा शेवट झाला. १९४४ साली चेचेन आणि क्रिमियाचे तातार या दोन जमाती म्हातारीकोतारी व मुलेबाळे यांसह आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून देशोधडीला लावण्यात आल्या. घटनेतील कलम मात्र जसेच्या तसे होते.

आपली माणसेही या चक्रात सापडली. १९२१ साली बर्लिनहून हिंदी क्रांतिकारकांचे एक मंडळ मॉस्कोला गेले. त्यात सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते आणि वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजेही होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्या मंडळाचे जमले नाही. खानखोजे तेथून परतले आणि पुढे मेक्सिकोला गेले; तेथे मक्याच्या संशोधनात त्यांनी नाव मिळविले, आणि १९६७ साली नागपुरात त्यांचा देह पडला. वीरेंद्रनाथ पुढे रशियात राहावयास गेले. लेनिनग्राडच्या मानवशास्त्र संस्थेत ते काम करीत असत. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांना गोळी घालण्यात आली. अवनी मुखर्जी यांचेही त्याच वर्षी तेच झाले. ज्या मनुष्याच्या डोक्यावर इंग्रजांनी आयुष्यभर पाळत ठेवली, पण ज्याला त्यांना पकडता आले नाही, त्याला त्याच्या मित्रांनी मारले. नागपूरची भूमी एकाला लाभली आणि दुसऱ्याची कबरही कोणाला ठाऊक नाही, या दोहोंतील अंतर केवळ मॉस्को वेळीच सोडण्याचे होते.

बरकतुल्लाही तेथे राहिले नाहीत. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेला ते आले होते. तेथे वीरेंद्रनाथही होते आणि जवाहरलाल नेहरूही होते. या वृद्ध, उत्साही माणसाविषयी नेहरूंनी आत्मचरित्रात जिव्हाळ्याने लिहिले आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बरकतुल्ला सॅन फ्रान्सिस्को येथे वारले. सॅक्रामेंटोला त्यांचे दफन झाले. नोव्हेंबरात नेहरू क्रांतीच्या दशवार्षिक सोहळ्यासाठी मॉस्कोत होते. त्याच महिन्यात ट्रॉट्स्कीला पक्षातून काढण्यात आले.

स्टालिननंतरच्या काळाविषयी विस्ताराने बोलण्याचे कारण नाही. दहशत कमी झाली, राज्यपद्धती तीच राहिली. १९५६ मध्ये क्रुश्चेव्हने स्टालिनची पापे वाचून दाखविली आणि १९६४ मध्ये त्यालाच सहकाऱ्यांनी घरी बसविले. तो जिवंत राहिला, ही त्या देशात मोठीच प्रगती होती. आपल्याकडे त्याच काळात भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या साहाय्याने उभा राहिला. तेव्हा भिलाई मध्यप्रदेशातच होती. (भोपाळचा अवजड विजेच्या साहित्याचा कारखाना मात्र ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने झाला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.) सामान्य माणसाला रशिया दिसला तो अशा रूपाने, आणि त्याविषयीची कृतज्ञता खोटी नव्हे. परंतु राज्य चालत होते ते पक्षाच्या दोरीने. संघ-प्रजासत्ताकांत पहिला चिटणीस त्या मातीतला असे, आणि दुसरा चिटणीस बहुधा मॉस्कोहून आलेला रशियन असे. सोव्हिएट संघ म्हणजे पंधरा खोल्यांचे घर. प्रत्येक खोलीला बाहेरचे दार होते, पण सर्व दारांवर पहारा एकाच पक्षाचा होता.

हा पहारा उठला तेव्हा काय झाले ते पहा. मार्च १९९० मध्ये गोर्बाचेव्हने घटनेचे सहावे कलम, म्हणजे पक्षाच्या नेतृत्वाचे कलम, बदलून पक्षाचा एकाधिकार काढून घेतला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. घाईघाईने एप्रिलमध्ये कायदा करण्यात आला की, फुटून निघावयाचे असेल तर मतदारांच्या दोन-तृतीयांशांचे सार्वमत पाहिजे आणि नंतर पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ पाहिजे. पासष्टहून अधिक वर्षे ज्या हक्काची कार्यपद्धती लिहिण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, ती आता घर जळू लागल्यावर लिहिण्यात आली. ऑगस्ट १९९१ मध्ये जुन्या मंडळींनी सत्ता हिसकावण्याचा प्रयत्न केला. तो तीन दिवसांत फसला आणि त्याने उरलासुरला संघही मोडला. १ डिसेंबरला युक्रेनच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला पडली. ८ तारखेला रशिया, युक्रेन व बेलारुस यांच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले, २५ तारखेला गोर्बाचेव्हने राजीनामा दिला. कागदाचा तो तुकडा अखेर दरवाजा ठरला.

येथे आपल्या घटनेची आठवण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना डॉक्टर आंबेडकरांनी ‘युनियन’ या शब्दाचे स्पष्टीकरण केले. हे संघराज्य घटकराज्यांच्या करारातून निर्माण झालेले नाही, म्हणून कोणत्याही घटकराज्याला त्यातून फुटण्याचा अधिकार नाही. अमेरिकेला हे ठरविण्यासाठी यादवी युद्ध करावे लागले, आपण आरंभीच स्पष्ट लिहून ठेवलेले बरे, असे त्यांनी सांगितले. भोपाळला हे शब्द दूरचे नव्हते. विलीनीकरणाचे आंदोलन त्या वेळी येथे पेटत होते. दोनच महिन्यांनी, १४ जानेवारी १९४९ रोजी, नर्मदेकाठी बोरास येथे गोळीबार झाला आणि १ जूनला संस्थान भारत सरकारच्या ताब्यात गेले. आंबेडकरांनी फुटण्याचे दार भिंतीने बंद केले, पण घरात बोलण्याची, भांडण्याची, सरकार पाडण्याची मोकळीक ठेवली. लेनिनने दार ठेवले आणि घरात बोलण्याची बंदी केली. कोणते घर टिकले, हे काळाने दाखविले आहे. आपल्या घरातही भांडणे कमी झालेली नाहीत, हे कबूल करूनच मी हे म्हणतो.

नव्या रशियाने यातून काय घेतले? ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिनने स्वतःच्याच संसदभवनावर रणगाड्यांचा मारा करविला, आणि डिसेंबरात सार्वमताने नवी घटना आणली. तीत राष्ट्राध्यक्ष फार बलवान आहे आणि फुटून निघण्याचे कलम नाही. तातारस्तानने १९९२ मध्ये सार्वमत घेऊन सार्वभौमत्व मागितले होते. १९९४ साली मॉस्कोने त्याच्याशी स्वतंत्र करार केला. चेचेन्यावर मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस सैन्य गेले. १९९९ च्या शेवटच्या दिवशी येल्त्सिन पायउतार झाला आणि पुतिन आला. २००४ मध्ये प्रांतांच्या गव्हर्नरांच्या निवडणुका बंद झाल्या. २०१२ मध्ये त्या परत आल्या, परंतु मॉस्कोच्या मर्जीबाहेरचा मनुष्य उभा राहणे दुर्घट अशा रीतीने. तातारस्तानचा करार २०१७ साली मुदत संपून लोपला. त्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणत असत, तेही २०२३ मध्ये बंद झाले. २०२० च्या घटनादुरुस्तीने पुतिनच्या पूर्वीच्या कारकीर्दी मोजणीतून वगळल्या, आणि त्याच दुरुस्तीने देशाचा कोणताही भाग देऊन टाकण्यास बंदी घातली. २०२४ मध्ये तो पाचव्यांदा निवडून आला. पूर्वी राज्यावर पक्ष स्वार होता. आता पक्ष आहेत, पण ते एका माणसाच्या दारात उभे आहेत.

पुतिनचा राग कोणावर आहे, हे पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो म्हणाला की, रशिया नावाच्या इमारतीखाली लेनिनने अणुबाँब ठेवला. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवर सैन्य घालण्याच्या तीन दिवस आधी, त्याने राष्ट्राला उद्देशून केलेल्या दीर्घ भाषणाचा मोठा भाग याच विषयाला दिला: आधुनिक युक्रेन बोल्शेविकांनी निर्माण केले, आणि लेनिनने प्रजासत्ताकांना विनाअट फुटून जाण्याचा हक्क देऊन घोर प्रमाद केला. १९२२ च्या वादात स्टालिनची बाजू बरोबर होती, असाच त्याच्या बोलण्याचा रोख होता. शंभर वर्षांपूर्वीचे भांडण त्या देशात अजून संपलेले नाही, आणि त्याची किंमत युक्रेनमधील गावे आणि दोन्हीकडचे तरुण मोजीत आहेत.

बरकतुल्लांना मॉस्कोकडे खेचून नेणारा तो अधिकार आज रशियात मागण्याचीही सोय नाही. २०१३ च्या अखेरीस तेथील फौजदारी कायद्यात नवे कलम घालण्यात आले, आणि ते मे २०१४ पासून, क्रिमिया रशियाला जोडल्यावर दोनच महिन्यांनी, अमलात आले. रशियाच्या प्रादेशिक अखंडतेचा भंग व्हावा असे जाहीरपणे आवाहन करणे हा त्यानुसार गुन्हा ठरला, आणि त्याला कैदेची शिक्षा ठेवण्यात आली; २०२० च्या अखेरीस केलेल्या बदलानंतर पहिल्या वेळी दंड आणि वर्षभरात पुन्हा तसे केल्यास कैद, अशी व्यवस्था आहे.